टेकडीवर नुसतं बोलणं

धाकटीने स्टोरीबोर्डच्या कच्च्या चित्रांचा गठ्ठा ताईच्या टेबलावर आपटला. पेन्सिली उडाल्या, एक खाली पडली. ती उचलायला दोघी बहिणींपैकी कोणीच वाकलं नाही.

"हे काय आहे?"

"शेवटचा भाग."

"आणि लढाई कुठे गेली? अख्खा भाग दोघं टेकडीवर बसून बोलतायत!"

"बोलू देत की. तोंडं नाहीत का त्यांना?"

"जन्माचे वैरी आहेत ते, ताई. लग्नाची बोलणी करायला नाही बसलेत."

ताई एका चित्रातला ढग खोडरबराने पुसत राहिली. गप्प राहून समोरच्याचा पाणउतारा करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. या दोघींना एका ताटात वाढलं तर ताटालाच तडा जाईल, असं त्यांची आई म्हणायची. पोटाने मात्र त्यांना एकाच स्टुडिओत, एकाच ॲनिमे कार्टून मालिकेवर आणून बसवलं होतं.

ताई दिग्दर्शक आणि धाकटी लढायांची चित्रकार. तिने काढलेली तलवार फिरली की बघणारा खुर्चीत मागे सरायचा. बोलण्याच्या प्रसंगात काय असतं? एक चित्र तसंच धरून ठेवायचं आणि ओठ तेवढे बदलायचे. शिकाऊ मुली गप्पा मारता मारता ते काम उरकत. या पर्वात ताईने असे प्रसंग ठासून भरले होते. प्रेक्षक डोकं खाजवत होते. कोणी म्हणे पैसे वाचवतायत, कोणी म्हणे यात खोल तत्त्वज्ञान आहे. धाकटीला त्यात दिसत होता तो निव्वळ जळफळाट. ताईला लढाई कधी जमली नाही, म्हणून धाकटीचीही बंद.

शेवटची लढाई तिला हवीच होती. का, ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. हिवाळ्यापासून तिचा उजवा हात थरथरत होता. औषधं चालू होती, गुण येत नव्हता. ही एवढी लढाई हातून उतरली असती, तर आपलं काही बिघडलेलं नाही असं तिला स्वतःला तरी सांगता आलं असतं.

तिने तो हात खिशात खुपसला. "चॅनेलचा माणूस येतोच आहे. त्याच्यासमोरच काय ते होऊ दे."

"होऊ दे."

चॅनेलचा माणूस आला तोच तोंड वाकडं करून.

"मॅडम, लोक तलवारी बघायला बसतात. तुमची पात्रं नुसती तोंडाची वाफ दवडतात."

"मला बोलणं आवडतं," ताई म्हणाली. "माझा हट्ट समजा. शिव्या पडतील त्या माझ्या नावावर."

"हट्ट कसला?" धाकटी उसळली. "हिला लढाईतलं ओ की ठो कळत नाही. स्वतःला येत नाही, म्हणून दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही!"

ताईचे कान लाल झाले. पण ती उठली आणि कॉफीची किटली घेऊन आली. कॉफी नेहमी तीच ओतायची. पाहुण्याचा कप तिने काठोकाठ भरला, स्वतःचाही भरला. धाकटीसमोर ठेवला तो अर्धा.

"बघा," धाकटी म्हणाली. "कॉफीतसुद्धा हात आखडता. कित्येक महिने हेच चाललंय."

चॅनेलचा माणूस हसला. ताईची नजर क्षणभर धाकटीच्या खिशाकडे गेली आणि लगेच खिडकीकडे वळली.

धाकटीने डाव्या हाताने कप जवळ ओढला. कित्येक महिने म्हणजे कधीपासून? हिवाळ्याआधी तर ताई इतका भरायची की बशीत सांडायचं, त्यावरूनही एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. अर्धा झाला तो हिवाळ्यात, थरथरत्या हातातूनही सांडणार नाही इतका. आणि मालिकेतलं टेकडीवर, बाकावर, खिडकीत बसून नुसतं बोलणं, हेही सगळं हिवाळ्यापासूनच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला माहीत होतं. माहीत असून ही बया गप्प बसली, जगाच्या शिव्या खात राहिली, आणि त्यात सगळ्यात जास्त धाकटीच्याच.

"तुम्हीच सांगा," चॅनेलचा माणूस तिला म्हणाला. "काढाल ना लढाई? हो म्हणा, टेकडी आत्ता उडवतो."

हेच ऐकायला ती आली होती. ताई खिडकीबाहेर बघत होती. हातातला कप तोंडाला लावायचं तिला सुचत नव्हतं.

"लढाई नको," धाकटी म्हणाली.

"आँ? मग इतका वेळ..."

"टेकडीच राहू दे. पण संवाद भिकार लिहिलेत हिने. वैरी असे बोलत नाहीत."

ताईने मान वळवली. "मग कसे बोलतात?"

धाकटीने उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. तिने तो थरथरू दिला.

"मी सांगते, तू लिहून घे. आणि मध्ये तोंड घालू नकोस."

ताईने वाकून मघाशी खाली पडलेली पेन्सिल उचलली.