ताईची पावलं

पडद्यावर माणूस चालतो तेव्हा त्याच्या पावलांचा जो आवाज तुम्हाला ऐकू येतो, तो त्याचा नसतो. माझा असतो. शूटिंगच्या वेळी नट काय बोलतो तेच पकडायची मारामार, त्याच्या बुटांकडे कोण बघतो? पिक्चर तयार झाला की मी एका बंद खोलीत पडद्यासमोर उभा राहतो आणि नट जसा चालेल तसा चालतो. लाकडी फळी, फरशीचा तुकडा, खडीचा ट्रे, वाळूचा ट्रे आणि चाळीस जोड बूट-चपला, एवढं माझं भांडवल. नायिकांच्या उंच टाचाही मीच घालतो. साठीला आलेला बाप्या टाचा घालून टकटक करतोय हे बघून नवी माणसं तोंड लपवून हसतात. हसू देत. एकतीस वर्षं मी हेच करतोय.

गेल्या महिन्यात हातात आलेला पिक्चर अंगावर काटा आणणाऱ्या जातीचा होता. नायिकेला नवऱ्याचं मरण आधीच दिसतं आणि मग ती दोन तास त्याच्यामागे धावते. जिन्यावर, गच्चीवर, पुलावर. माझ्या गुडघ्यांची पार वाट लागली. दिग्दर्शक तरुण, उत्साही. म्हणाला, "काका, तिला दिसलं त्या क्षणापासून नवऱ्याच्या पावलांचा आवाज काढून टाका. तो चालेल, पण ऐकू येणार नाही. लोक टरकतील बघा."

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. सुचलं."

सुचलं म्हणे. हे मी आयुष्यात दोनदा ऐकलं होतं. म्हणजे ऐकलं नव्हतं.

पहिल्यांदा मी नऊ वर्षांचा होतो. बाबा कामावरून आले, घरभर फिरले, आणि मला त्यांचं एकही पाऊल ऐकू आलं नाही. खोकला ऐकू येत होता, किल्ल्या वाजत होत्या, पावलं तेवढी नाहीत. चौथ्या दिवशी ते गेले. दुसऱ्यांदा आमच्या स्टुडिओतला सुतार. त्याच्या जाडजूड बुटांचा आवाज सोमवारी बंद झाला आणि गुरुवारी त्याच्या घरून फोन आला. कुणाला सांगणार? लोकांनी वेड्यात काढलं असतं. ताईलाही मी कधी बोललो नाही.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, दहा वर्षांनी मोठी. बाबांच्या पाठोपाठ आईही गेली आणि ताईनं पडदे शिवून मला वाढवलं. तिचं लग्न राहिलं ते माझ्यामुळे, माझं राहिलं ते माझ्या स्वभावामुळे. दोन खोल्यांत आम्ही दोघंच. नातेवाईक उरले नव्हते, मित्र मी जोडले नाहीत. भांडायचं झालं तरी आम्हाला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं.

दिग्दर्शकाला ते सुचलं त्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी मी खुर्चीत अंग टाकून पडलो होतो. ताई चहा घेऊन आली. बशीत कप किणकिणला. पण तिच्या स्लिपरांचा तो फटक फटक आवाज, ज्याच्यावरून मी तिला रोज चिडवायचो, तो आलाच नाही.

"स्लिपर बदलल्यास का?"

"त्याच आहेत. नव्या आणून द्यायला तुला कुठं सवड आहे?"

"जरा दारापर्यंत चालून दाखव."

"का रे बारक्या, फौजेत भरती करतोयस मला?" असं म्हणत ती दारापर्यंत गेली, टाच आपटून गर्रकन वळली आणि परत आली. मला काहीही ऐकू आलं नाही. माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला.

मंगळवार धरला तर शुक्रवार चौथा दिवस होता.

बुधवारी मी कामावर गेलो नाही. सकाळी डॉक्टरला घरी आणला. त्यानं ताईला तपासलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "यांचं सगळं ठणठणीत आहे. तुमचंच ब्लडप्रेशर बघू का?" तो गेल्यावर मी स्टुडिओतून खडीचा ट्रे आणि छोटं रेकॉर्डिंग मशीन उचलून आणलं. दुसऱ्या कुणी देवाला हात जोडले असते, मला माझा धंदा सुचला. ताईला ट्रेमध्ये उभं केलं आणि कानाला हेडफोन लावले. ती चालली. खडी तिच्या पायांखाली सरकताना दिसत होती, मशीनचा काटा प्रत्येक पावलाला उडत होता. माझ्या कानात फक्त पंख्याची घरघर आणि तिचा श्वास.

"बारक्या, खडे टोचतायत मला. झाले का तुझे खेळ?"

मग माझं डोकंच फिरलं. गॅस बंद केला. न्हाणीघराची फरशी तीनदा कोरडी केली. इस्त्रीची वायर काढून कपाटावर टाकली. खिडक्या लावल्या. शेवटी तिच्या बाहेर जायच्या चपला माझ्या कामाच्या जुन्या पेटीत टाकत होतो, तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली. ती कधी आली हे मला कळणार तरी कसं?

"माझ्या चपला आता कुठल्या हिरॉइनला घालतोयस?"

मी पेटीपाशी बसून ढसाढसा रडलो आणि सगळं सांगून टाकलं. बाबा, सुतार, चौथा दिवस, शुक्रवार. सगळं.

ताई पलंगाच्या कडेवर बसली. मला वाटलं, आता ओरडेल किंवा घाबरेल. तिनं विचारलं, "आणि माझ्यामागे तू काय करशील?"

"मला नाही जमायचं, ताई. या घरात मी एकटा नाही राहू शकत. तुझ्याआधी मला जायला हवं होतं."

तिनं माझं तोंड निरखून बघितलं. मग एकदम हसली आणि माझ्या डोक्यात टपली मारली. "मग आधीच बोलायचंस ना, मूर्खा! मी कालपासून जीव मुठीत धरून बसलेय. मलाही काल संध्याकाळपासून तुझी पावलं ऐकू येत नाहीयेत."

"काय?"

"बाबांच्या वेळी मलाही नव्हती ऐकू आली. तू लहान होतास, तुला काय सांगणार? चल, म्हणजे दोघंही एकदमच. गाडी एकच आहे आपली."

सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. माझी सख्खी बहीण मरणार होती आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मागे राहायचं नव्हतं, बस. बाकी कशाची मला भीतीच नव्हती. त्या रात्री मी लहान पोरासारखा गाढ झोपलो.

गुरुवार आमचा फार छान गेला. खिडक्या उघडल्या. शेजाऱ्यांची उणीदुणी काढली, जुन्या फोटोंत कोण कोण आहे यावरून भांडलो. ताईला मात्र नसते उद्योग सुचत होते. मला कपडे धुवायच्या मशीनसमोर उभं करून कुठलं बटण कधी दाबायचं ते शिकवलं. विजेचं बिल कुठं असतं, तिच्या गुडघ्याचं मलम माझ्या गुडघ्याला किती लावायचं, सगळं दाखवलं. मला खाली पाठवून डझनभर अंडी आणवली आणि उकडायला लावली. पहिलं फुटलं, दुसरं कच्चं राहिलं, तिसरं तिनं पास केलं.

"अगं, उद्या मी या जगात नाही. अंडं उकडून काय करू?"

"वर कुणी विचारलं काय येतं, तर सांगायला काहीतरी हवं ना! टाचा घालून चालतो म्हणून सांगणार आहेस?"

मी पोट धरून हसलो. तीही हसली, पण माझ्यापेक्षा थोडी लवकर थांबली. दमली असेल असं मला वाटलं.

शुक्रवारी दुपारी जेवून आम्ही पत्ते खेळायला बसलो. ती नेहमीसारखी लबाडी करत होती आणि मी नेहमीसारखा पकडत होतो. तीनच्या सुमाराला मी म्हटलं, "टाक ना पान. किती विचार करतेस?" तिची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. पत्ते हातात तसेच होते. दोन एक्के होते तिच्याकडे, जिंकणार होती.

मी नाडी बघितली. श्वास बघितला. तिचे डोळे मिटले. ओरडलो नाही की कुणाला बोलावलं नाही. आता माझा नंबर. मी शर्टाची बटणं लावली, केस नीट केले, माझी खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली आणि तिचा हात धरून बसलो. "थांब गं, आलोच," असंही म्हणालो.

चार वाजले. छातीत काही दुखतंय का ते बघितलं. काही दुखत नव्हतं. पाच वाजले. तिचा हात गार पडला, माझा गरमच होता. साडेपाचला मला भूक लागली. मरणाऱ्या माणसाला अशी सणसणून भूक लागते का, याचा मी विचार करत बसलो.

बरोबर सहाला बेल वाजली. दारात आमचा रेकॉर्डिस्ट. माझी पावलं वीस वर्षं मशीनवर पकडणारा, स्वभावानं गरीब.

"दादा, ताईंनी बोलावलं होतं."

"कधी?"

"काल फोन आला होता. तुम्ही अंडी आणायला गेला होतात म्हणे. म्हणाल्या, उद्या सहाला ये, त्याआधी नको. आठवडाभर त्याला तुझ्या घरी ठेव, एकटं सोडू नकोस. सोमवारी कामावर उभा कर. रडला तरी उभा कर." त्यानं आत डोकावून बघितलं. "तुमचं भांडण झालंय का दोघांचं? कुठायत ताई?"

मी दाराची कडी घट्ट धरली. म्हणजे तिला माझं एकेक पाऊल ऐकू येत होतं. बाबांची पावलंही तिला शेवटपर्यंत ऐकू आली असणार. बुधवारी पलंगाच्या कडेवर बसून, माझं तोंड बघून, तिनं ते खोटं जागच्या जागी रचलं. दोन दिवस मी खुशाल हसत होतो. आपण दोघं आहोत या भरवशावर हसत होतो. आणि ती समोर बसून, माझी पानं चोरत, एकटीच मरणाची वाट बघत होती. मी तिला साधी सोबतही केली नाही. एकदासुद्धा विचारलं नाही, ताई, तुला भीती वाटते का.

रेकॉर्डिस्ट मला बाजूला करून आत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. खिशातून फोन काढून म्हणाला, "दादा, तुम्ही बसा. मी बघतो सगळं. कुणाकुणाला कळवायचं?"

मी खरंच आठवून बघितलं. घरात काही झालं की मी आजवर एकाच माणसाला सांगत आलो होतो.

"कुणालाच नाही," मी म्हटलं.