चाकाचं सांगायचं राहिलं

हंगेरीतली टिसा नदी खालून सरकली आणि बोरोकाने कॉकपिटमध्ये एकटीनेच आरोळी ठोकली. पाचशे किलोमीटर! इंजिन नाही, पेट्रोल नाही, नुसत्या वाऱ्यावर! आता हे ग्लायडर धड खाली उतरवलं की झोंबोरशी लावलेली पैज जिंकली. क्लबकडे चाक आत ओढता येणारं हे एकच विमान, आणि रविवारी राष्ट्रीय स्पर्धेत ते तीच उडवणार होती.

मैदान दिसलं. तिने दांडी सरकवून चाक खाली सोडलं, दांडीजवळची खूणही बघितली. आता रेडिओवर 'चाक खाली' असं सांगायचं, हा क्लबचा नियम. तिने तोंड उघडलं, तोच लेहेलकाका मध्ये घुसले.

लेहेलकाका क्लबचे शिक्षक. उतरणाऱ्याशी कुणी अवाक्षर बोललं तर अंगावर धावून जाणारा माणूस. पण आज गडी पार हुरळला होता.

"अगं कार्टे, केलंस की गं! हा झोंबोर बघ, पैज हरून तोंड पाडून बसलाय! माशांचं सार चढवलंय, तू ये फक्त!"

"पाप्रिकाचं तिखट सढळ हाताने घाला, काका!" ती खिदळली.

त्या नादात चाकाचं सांगायचं राहून गेलं. हसत हसतच तिने शेवटचं वळण घेतलं.

खाली काकांच्या एकदम लक्षात आलं. पोरगी चाकाचं बोललीच नाही! मावळता सूर्य नेमका तिच्यामागे, विमानाचं पोट काही दिसेना.

"चाक! बोरोका, चाक!"

तिचा हात डोळ्यांच्या आधी धावला. दांडी खटकन सरकली आणि खाली असलेलं चाक वर गेलं.

गवतावर पोट असं करकरलं की चुलीजवळची माणसं ताडकन उठली. बोरोकाला खरचटलंसुद्धा नाही. पण विमानाच्या पोटाला हातभर चीर पडली आणि रविवार हातचा गेला.

विमान पोटावर उतरवणाऱ्याने जेवणाआधी सगळ्यांसमोर उभं राहून झालेलं सांगायचं, ही तिथली रीत. बोरोका उभी राहिली.

"चाक खाली होतं. मीच वर केलं."

कुणी हसलं नाही, झोंबोरसुद्धा नाही. लेहेलकाका उठून तिच्या शेजारी उभे राहिले.

"आणि ती सांगणार होती तेवढ्यात मी मध्ये बोललो. जळो माझी जीभ!"

"काका, सार उतू जातंय."

"जाऊ दे. तू काय सांगणार होतीस, ते आधी सांग पोरी. आता कुणी मध्ये बोलणार नाही."

"चाक खाली," बोरोका म्हणाली आणि तिला रडू फुटलं.