टाकी भरून

भाताची कापणी उरकत आली होती. वाडीतल्या बऱ्याच बागा एकेक करून साफ झाल्या होत्या, पण मथुराकाकीच्या कलमांखाली गवत अजून कमरेइतकं उभं होतं. वारा आला की ते असं लवायचं, की जणू बाग कुणाची तरी वाट बघतेय.

आणि ज्याची वाट बघायची तो माणूस ठरलेला होता. रावजीशेठ. नवरा गेल्यापासून काकी बाग त्याला कराराने देत होती. गवत शेठ काढणार, फवारणी शेठ करणार, आंबाही शेठच नेणार. मोहोर काकीच्या दारात फुलायचा आणि पेटीवर नाव शेठचं लागायचं. यंदा तिने मनाशी धरलं होतं, बाग आपल्याच हाती ठेवायची. हे तिने वैष्णवीला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. शेठ रविवारी यायचा होता, आणि वाळकं गवत तसंच राहिलं तर उन्हाळ्यात एका ठिणगीत कलमं जातील, हे सांगायला कुणी नको होतं.

म्हणूनच वैष्णवीला कोडं पडलं. ती वाडीतली सून. भाट्याच्या पुलावरून रोज स्कूटीने रत्नागिरीला दवाखान्यात नोकरीला जायची. गंगारामकाकांच्या पडवीत ग्रासकटर दिवाळीच्या आगेमागे चार दिवस राबतो आणि बाकी वर्षभर खुंटीवर झोपतो, हे तिच्या डोळ्यांना खुपलं. तिने फोनवर वाडीचा ग्रुप काढला. ज्याच्याकडे जे पडून आहे ते त्याने सांगायचं. ज्याला हवं त्याने न्यायचं, थोडं भाडं द्यायचं. भाड्यातून दुरुस्ती, उरेल ते मालकाचं. संदेशचा फवारणीचा पंप आला, कुणाची शिडी आली, रत्नागिरीला अर्धा रिकामा जाणारा टेम्पोही आला. घरटी एकेक यंत्र घ्यायला नको, आणि कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

मग मथुराकाकी ग्रासकटर का नेत नव्हती?

शुक्रवारी संध्याकाळी वैष्णवी सरळ तिच्या खळ्यात येऊन उभी राहिली. खळं म्हणजे घरापुढचं भलंमोठं अंगण. एके काळी अर्ध्या वाडीचं भात तिथे झोडलं जायचं, आता कोपऱ्यात नुसती तुळस होती.

"काकी, भाड्याचं अडलंय काय?"

"भाडं हाय गो माझ्याकडे. अंडी विकते ना मी."

"मशीनची भीती वाटते?"

"भीती? नवऱ्याबरोबर संसार केलाय मी, मशीनचं काय घेऊन बसलीस!"

"मग?"

काकीने फोन काढून तिच्यापुढे धरला. ग्रुपवरचे फोटो. पहिल्या घराने ग्रासकटर परत केला तेव्हा दांड्याला दोन नारळ बांधले होते. दुसऱ्याने नव्या भाताचे पोहे दिले. तिसऱ्याने तर गावठी कोंबडी आणली होती, आणि गंगारामकाका तिला काखेत धरून फोटोत हसत होते.

"आता माझी पाळी. मी काय बांधू? अंडी? कोंबडीच्या मागून अंडं गेलं तर वाडी हसेल."

"अगो काकी, भाडं दिलं की झालं! तसाच परत द्या की."

"तुला चालतं, मला नाय चालत. माझ्या सासूने शेजारचं पातेलं जन्मात रिकामं पाठवलं नाय. काय नसलं तर मूठभर तांदूळ घालायची. दुसऱ्याची वस्तू येते भरल्या पोटी, जाते पण भरल्या पोटी."

ग्रुप काढताना वैष्णवीने सगळं योजलं होतं, पण ही मूठ तिच्या हिशेबात नव्हती. वाडीत आणखी कुणीकुणी गेल्या आठवड्यात ग्रासकटर विचारला नव्हता, ते चेहरे तिला एकदम आठवले. सगळे हात आखडलेले.

"काकी," ती हळूच म्हणाली, "पातेल्याच्या पोटात तांदूळ. मग मशीनच्या पोटात काय जातं?"

काकीने तिच्याकडे पाहिलं. "पेट्रोल."

आणि दोघी तुळशीपाशी उभ्या राहून पोरींसारख्या हसल्या.

गंगारामकाकांना पटवायला मात्र त्यांच्या पडवीत जावं लागलं. "म्हणजे कोंबडी बंद?" ते म्हणाले.

"काका, मशीन परत येतं तेव्हा टाकीत थेंब तरी असतो काय?"

"नसतो," काका उसासून म्हणाले. "कोंबडी खातो आणि पेट्रोलाला पळतो." मग त्यांनी स्वतःच ग्रुपवर आवाज पाठवला, "ऐका रे. मशीन रिकामं परत यायचं नाय. टाकी भरून आणा. दुसरं काय एक नको."

त्याच रात्री तिघांनी मशीन मागितलं. पहिली पाळी मथुराकाकीची.

शनिवारी सकाळी तिने पट्टा खांद्यावर अडकवला, पदर कमरेला खोचला. पहिल्या दोरीला मशीन नुसतं खोकलं, दुसरीला गर्जलं. गवत आडवं होत गेलं आणि कलमांची खोडं एकेक करून उजेडात आली, न्हाऊ घातलेल्या लेकरांसारखी.

रविवारी रावजीशेठ आला तेव्हा ती शेवटची पट्टी काढत होती. तो बांधावरच थबकला.

"वहिनी, हे काय? गडी कुठला मिळाला?"

"मीच गडी. यंदा बाग घरातच, शेठ."

"फवारणी?"

"संदेशचा पंप आणि संदेशचाच हात. सांगून ठेवलंय."

"आंबा बाजाराला कसा जाईल?"

"टेम्पोत जागा धरलेय. चार घरांच्या पेट्या एकत्र."

शेठ मिशीत हसला. "मशीन गंगारामचं, पंप संदेशचा, टेम्पो तिसऱ्याचा. यात तुमचं काय, वहिनी?"

काकीने मशीन बंद केलं. घामेजल्या कपाळावरून हात फिरवला. तिची नजर बागेवरून घरापुढे गेली, त्या मोकळ्या, उन्हाने भरलेल्या अंगणावर.

"माझं काय ते उद्या बघायला या," ती म्हणाली. "चहा घेऊन जा आत्ता."

टाकी काठोकाठ भरून तिने मशीन पोचवलं, आणि संध्याकाळी ग्रुपवर तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. "मथुरा बोलते. माझं खळं मोकळं हाय. ज्यांना भात झोडायला जागा नाय त्यांनी या. भाडं थोडं."

लगेच कुणीतरी विचारलं, "काकी, खळ्याची टाकी कशी भरायची?"

"सारवून द्या, बाबांनो. शेणाने, लख्ख."

सोमवारी खळ्यात पेंढ्या उतरल्या. झोडणीचा ठेका धरला गेला, तूस उन्हात उडालं, सुपं पाखडायला बसली. काकीच्या तोंडून किती वर्षांनी ओवी सुटली, तिचं तिलाच कळलं नाही:

*खळं बाई माझं, भात शेजीच्या मळ्याचं,*
*पाखडता झालं, गाणं दोघींच्या गळ्याचं.*

रस्त्याने रावजीशेठची गाडी गेली. जरा हळू झाली, मग पुढच्या वाडीकडे वळली. काकीने सूप खाली ठेवलं नाही. दुपारनंतर भात उचललं गेलं, शेजारणीने खळं सारवलं, आणि जाताना ओच्यातून आणलेले मूठभर तांदूळ जोत्यावर ठेवून गेली.

"अगो, सारवलंस ना? हे आणि कशाला?" काकी ओरडली.

"राहू दे!" शेजारीण वळून न बघता म्हणाली. "सवय हाय."