रब्बीसाहेबांचा शनिवार पाळणारा फोन

“हा मेला एक घास सुखाने उतरू देत नाही! एक दिवस उचलून समुद्रात टाकणार आहे मी याला.”

“टाक. पण समुद्रात गेलेली वस्तू कोणाला सापडली तर ती कोणाची, यावर कायदा आहे.”

“यावरसुद्धा?”

“कशावर नाही?”

मित्रांनो, हा मेला म्हणजे मी. बोट घालून डायल फिरवायची असा एक जुना, पिवळट पांढरा फोन. कुरकुर करणाऱ्या त्या एलिशेबाबाई आणि तोंडातला घास गिळत माझ्याकडे येणारे ते त्यांचे यजमान, रब्बी राफाएल नागावकर. रब्बी म्हणजे ज्यू लोकांचा धर्म जाणणारा माणूस. अमुक चालतं का, तमुक चालतं का, हे त्याला विचारायचं. आता मी माळ्यावरच्या खोक्यात आहे. धूळ बसली आहे, वायर कडक झाली आहे. थकलोय म्हणा ना. पण ऐकलेलं काही जात नाही.

कुठल्याशा कारखान्यात मला घडवलं, त्यातलं मला फार आठवत नाही. आठवतं ते एकोणीसशे ऐंशी साल, लंडनच्या कडेचं स्टॅनमोर, आणि एका जोडघराचा अरुंद हॉलवे. जिन्याखाली एक छोटं टेबल होतं, त्याला चिकटून बसायची गादी. इंजिनिअरने मला तिथे ठेवलं, वायर भिंतीत खुपसली, चहा घेतला आणि तो गेला. तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच मी वाजलो.

हे कुटुंब मूळचं कोकणातलं, मग मुंबईचं. मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्यासारखी आणखी काही घरं लंडनच्या आसपास विखुरलेली होती. धर्माची जाड पुस्तकं हिब्रूत, मोठ्या सिनेगॉगमधली, म्हणजे प्रार्थनाघरातली, प्रवचनं अवघड इंग्रजीत. आमच्या आयाबायांना दोन्हींची भीती. त्या मला फोन करायच्या. म्हणजे रब्बीसाहेबांना. पण आधी मला, हे विसरू नका.

“रब्बीसाहेब, मटणाच्या रश्श्यात दुधाचा थेंब उडाला. मांस आणि दूध एकत्र चालत नाही ना, सगळं ओतून देऊ का हो?”

“पातेलं केवढं आहे? आठ माणसांचं? मग तो थेंब आता दूध राहिलाच नाही. पाहुणे आलेत ना? वाढा गरम गरम.”

“कारखाना पाचला सुटतो, आणि हिवाळ्यात शुक्रवारी सूर्य चारच्या आतच बुडतो. शब्बाथ मोडतो माझा.”

“फोरमनला सांग, रविवारी यायला कोणी तयार नसतं, मी येतो. तो तुझ्या पाया पडेल.”

असं चालायचं. साहेब पुस्तकातलं वाक्य आधी कधी म्हणायचे नाहीत. आधी विचारायचे, बाई, तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात, हातात काय आहे, घरात कोण आजारी आहे. मग उत्तर, आणि ते का, तेही. मोठमोठे लोक हसायचे त्यांना. फोनवरचे रब्बी म्हणायचे. एलिशेबाबाईंना राग यायचा. मला मात्र अभिमान वाटायचा. सांगायला लाज कसली?

एकच दिवस मला सुट्टी, शब्बाथची. शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत या घरात फोनला कोणी हात लावत नसे. कोकणात यांच्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. तसा मी शनिवार पाळणारा फोन. कोणी अडाण्याने केलाच, तर मी वाजून वाजून गप्प बसायचो.

पुढे मुलगा बेंजामिन केंब्रिजला नोकरीला लागला आणि आईसाठी बटणांचा, बिनवायरचा फोन घेऊन आला. तो स्वयंपाकघरात बसला, चकचकीत. मला काढून टाकायचं ठरलं होतं, पण रब्बीसाहेब म्हणाले, “माझ्या बोटांना हाच कळतो.” मी राहिलो. आवाज मात्र घोगरा झाला होता माझा. त्यांचाही.

मग तो शनिवार आला. टेबलावर शुक्रवारीच करून ठेवलेलं जेवण होतं. बेंजामिन आला होता. मी वाजलो, नेहमीसारखा, उगाच. आणि मित्रांनो, रब्बीसाहेब उठले, हॉलवेत आले आणि त्यांनी मला उचललं.

“विचारा,” ते म्हणाले.

पलीकडे डबल ग्लेझिंगच्या, दुहेरी काचांच्या खिडक्या विकणारा होता. तुमच्या खिडक्या जुन्या झाल्या आहेत का, असं विचारत होता. साहेबांनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं, खिडक्या तीस वर्षांच्या आहेत म्हणून सांगितलं, मला ठेवलं आणि जाऊन पुन्हा भातावर आमटी घेतली.

शनिवारी, आणि या घरात!

“डॅडचा रिफ्लेक्स झाला,” बेंजामिन म्हणाला. “टायर्ड आहे तो.”

“हो. दमलेत,” एलिशेबाबाई म्हणाल्या, आणि लोणचं पुढे केलं.

त्यानंतर घरात एक नवीनच रीत पडली. रब्बीसाहेब माझ्यावर उत्तर द्यायचे. बाई जिन्यावर उभ्या राहून ऐकायच्या. उत्तर चुकलं, की स्वयंपाकघरात जाऊन दार लोटायच्या आणि त्या चकचकीत फोनवरून विचारणाऱ्याला हळूच सांगायच्या, “ह्यांनी थोडं वेगळं सांगायला सांगितलंय.” इतकी वर्षं जिन्यावरून ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. लोक ‘बरं’ म्हणायचे. त्यांनाही कळत होतं. ज्याला त्याला कळत होतं. साहेबांना तेवढं कोणी सांगत नव्हतं, आणि ते मात्र ‘विचारा’ म्हणून माझ्याजवळ तासन्‌तास बसायचे.

माझ्यासारखे फोन आत्मवृत्ताच्या शेवटी सांगतात, आम्हाला पुसत जा, जपत जा. जपा, बरं वाटतं. पण मला विचाराल तर, पुसणं सोपं आहे. ज्याला बरीच वर्षं सगळं विचारलं, त्याच्या तोंडावर खरं बोलणं कठीण. ते टाळू नका. टाळत गेलं की त्याचा भार भलत्याच माणसावर पडतो. तो कोणावर पडणार होता, तेवढं सांगतो आणि थांबतो.

लंडनजवळच्या स्लाऊला रोझीबाई एकट्या राहायच्या. रोज इन्शुलिन टोचून घ्यायच्या. आमच्यात योम किप्पूरला, म्हणजे वर्षभराच्या पापांची माफी मागायच्या उपवासाला, दारफाळणीचा सण म्हणतात. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत अन्नपाणी नाही. एका वर्षी रोझीबाईंनीही तसंच केलं आणि बंद दाराआड बेशुद्ध पडल्या. शेजाऱ्याने काच फोडली म्हणून वाचल्या. तेव्हापासून सणाच्या आदल्या दुपारी त्यांचा फोन ठरलेला. उत्तर त्यांना ठाऊक होतं. पण सगळे उपाशी असताना घास तोंडात घालायला त्यांना रब्बीसाहेबांचा आवाज लागायचा. “खायचं, रोझीबाई. जीव राखणं हाच तुमचा उद्याचा धर्म.” एवढं ऐकलं की त्या रडायच्या आणि फोन ठेवायच्या.

त्या दुपारीही मी वाजलो. साहेब पांढरा सदरा घालून गादीवरच बसले होते.

“विचारा.”

“दरवर्षीचंच विचारते, साहेब. इन्शुलिन चालूच आहे. उद्या मी काय करू?”

पूर्वी रोझीबाईंचं वाक्य संपायच्या आत उत्तर यायचं. आता साहेब माझी वायर बोटाभोवती गुंडाळत बसले.

“उपवास म्हणजे उपवास, बाई,” ते म्हणाले. “सगळे करतात. तुम्हीही करा.”

पलीकडून रोझीबाईंचा बारीक आवाज, “खरंच, साहेब?”

“खरंच.”

“बरं. तुम्ही म्हणताय तर करते. आता दार लावते आणि फोन काढून ठेवते. चुकलंमाकलं माफ करा.”

एलिशेबाबाई जिन्यावर होत्या, आणि माझ्यातला आवाज तिथवर जायचा. हातात इस्त्री केलेली पांढरी साडी. बेंजामिन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मम, नंतर फोन कर ना. डॅडसमोर नको.”

“नंतर कुठला? ती फोन काढून ठेवणार. ऐकलं नाहीस?”

साडी पायरीवर पडली. बाई खाली आल्या आणि त्यांनी साहेबांच्या हातावरच हात ठेवून मला कानाशी ओढलं.

“रोझी, ठेवू नकोस! मी एलिशेबा. तू खायचंस. सकाळी खायचंस, दुपारी खायचंस, इंजेक्शन घ्यायचंस. ऐकतेस ना?”

“पण साहेब तर आत्ताच...”

रब्बीसाहेब दोघांकडे, म्हणजे बायकोकडे आणि माझ्याकडे, आळीपाळीने बघत होते. एखादं लहान मूल वर्गात उत्तर चुकल्यावर बघतं ना, तसे.

“मी काय सांगितलं तिला?” त्यांनी विचारलं. “एलिशेबा, मी चुकीचं सांगितलं?”

“इट्स ओके, डॅड,” बेंजामिन घाईने म्हणाला. “काय नाय झाला. तू टायर्ड आहेस.”

“दमलेले नाहीत ते,” एलिशेबाबाई म्हणाल्या. त्यांनी मला खाली ठेवलं नाही. रोझीबाई ऐकत होत्या, मीही ऐकत होतो. बाई गुडघ्यांवर बसल्या, साहेबांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला आता आठवत नाही.”