एवढीशी उशी

"बोट ठेवून दाखवा ना काकू. नेमकं कुठं दुखतं?"

फिजिओथेरपीच्या बाईंनी पुन्हा विचारलं. आई कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत म्हणाली, "सांगितलं ना, कंबर."

याच कंबरेसाठी आधीच्या डॉक्टरांनी पट्टा दिला होता. मी रोज मलम चोळत होते. दुखणं वाढतच होतं. आई बायकांचे कपडे शिवायची, आणि कापायच्या टेबलाशी उभं राहणं आता तिला जमेना. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळू लागली होती. "हात चालतोय तोवर कोणाच्या जिवावर बसणार नाही," म्हणणारी बाई ती.

"मुलगी बाहेर थांबेल. मी चादर धरते, मग तर झालं?"

"नको, नको. कंबरच आहे."

तिचे कान लाल झाले होते. आयुष्यभर परक्या बायकांच्या अंगाला टेप लावून 'छाती, कंबर, सीट' असं दुकानभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगणारी माझी आई! स्वतःच्या अंगावर बोट ठेवायचं, तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मीही खाली बघत बसले.

मग ती एकदम उठली. "तुम्ही उभ्या राहा बघू," बाईंना म्हणाली. "सरळ. हात सैल सोडा."

बाई हसत उभ्या राहिल्या. आईनं त्यांना गिऱ्हाइकासारखं खांद्याला धरून वळवलं आणि कंबरेच्या पुष्कळ खाली, सीटचं माप घेताना टेप जिथून जातो, तिथल्या बाजूच्या हाडावर अंगठा दाबला.

"इथं. या कुशीवर झोपलं की जीव जातो."

"अहो काकू, हा खुबा! इथं हाडावर पाण्याची पातळ पिशवी असते, गादीसारखी. ती सुजलीय. टेबलाशी एकाच पायावर भार देऊन उभ्या राहता ना? पट्टा द्या टाकून. फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, व्यायाम शिकवते तो करा. दुसऱ्या कुशीवर झोपा, आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्या."

"उशी? अन् कोणी पाहिलं तर?"

"तुमच्या झोपेला काय तिकीट लावलंय?"

घरी आल्यावर आईनं उरलेल्या कापडाची एक लहान उशी शिवली. अंथरूण आवरताना ती सगळ्या रजयांच्या खाली सारायची, वर हातानं दाबून. मी पाहिलेलं तिला ठाऊक होतं. आम्ही कधी बोललो नाही. हळूहळू खुबा सुधारला, आई टेबलाशी परत उभी राहिली, दोन्ही पायांवर.

ती गेली ती हृदयविकारानं, यंदाच्या थंडीत. माणसं पांगल्यावर मावशीनं तिचं अंथरूण आवरायला घेतलं. खोलीत काही शेजारणी अजून बसल्या होत्या. रजया उचलता उचलता मावशी थांबली.

"ही एवढीशी उशी कोणाची गं? मधेच अशी चेपलेली?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"माझी," मी म्हणाले, आणि तिच्या हातातून घेऊन रजयांच्या खाली ठेवली.