शेवट बाहेर ठेवलेली फीत

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. रिळावर गुंडाळलेली, तपकिरी, तुमच्या करंगळीहूनही अरुंद. पण मला पूर्ण उलगडलं, तर तुमच्या शाळेला वेढा घालूनही मी उरेन.

कारखान्यात मला कापलं तेव्हा मी कोरी होते. तिथून रेडिओ केंद्रात आले. एका संध्याकाळी मोठ्या सभागृहात वाद्यवृंद बसला होता आणि एका रशियन संगीतकाराची लांबलचक रचना तिथून थेट ऐकवली जात होती. व्हायोलिनं, तुताऱ्या, नगारे, मधल्या शांततेत कुणाचा तरी खोकला, शेवटी टाळ्या. सगळं माझ्यावर उमटलं. तेव्हा मला काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. फितीला वाटत नसतं. तिच्यावर उमटतं, एवढंच.

काही वर्षं केंद्रात माझं कौतुक झालं. पुढे नवी यंत्रं आली आणि आमची रवानगी भंगारात झाली. तिथून मला उचललं ते एका चष्म्याच्या दुकानदाराने. घरात त्यांना अप्पा म्हणत. अशा जुन्या, प्रत्यक्ष मैफलीतल्या रशियन संगीताच्या फिती जमवायच्या, एवढा एकच त्यांचा नाद. सुट्टीच्या दिवशी दोन यंत्रं जोडून ते आमच्या प्रती काढत आणि मागेल त्याला देत. विकायची नाही आणि खोकला कापायचा नाही, एवढीच त्यांची अट. म्हणायचे, “तोही माणूस त्या दिवशी तिथे होताच की!”

मग अप्पा गेले. कपाट बंद राहिलं. माझ्यावर धूळ बसली. तिचंही मला काही वाटलं नाही.

थोरली लेक घर आवरायला आली. सदऱ्यांच्या घड्या घालायची, चहा करायची आणि प्यायला विसरायची. रडली मात्र नाही. एका दुपारी तिने मला यंत्रावर चढवलं. बाहेर आलेलं लाल टोक तिने अडकवलं आणि बटण दाबलं.

आधी टाळ्या वाजल्या. नंतर जे सुरू झालं, ते माझ्याच पोटातलं असून मला ओळखू येईना. प्रत्येक सूर हळूच फुगायचा आणि खटकन तुटायचा. तिने आणखी काही फिती लावून पाहिल्या. सगळ्यांची तीच गत. मग तिने आम्हाला गोणीत भरलं आणि गोणी दाराशी नेऊन ठेवली.

भंगारवाला यायच्या आधी अप्पांचे स्नेही आले. ते दातांचे डॉक्टर. सगळे त्यांना दातवाले काका म्हणत.

“अप्पांनी एक प्रत कबूल केली होती गं मला.”

“काही उरलं नाही काका. सगळ्या खराब झाल्यात.” तिचा आवाज सपाट होता. “आयुष्यभर जपलं, आणि निघालं काय? कचरा.”

“मी बघितल्याशिवाय दात काढत नाही. वाजतं तरी काय?”

“आधी टाळ्या. मग नुसता गोंधळ.”

काका थांबले आणि एकदम हसले. “अगं बाई! उलटी लावलीस. टाळ्या उलट्या वाजल्या तरी टाळ्याच राहतात. बाकीच्यांचं बिंग फुटतं!”

“लाल टोक बाहेर होतं, तेच लावलं.”

“लाल म्हणजे शेवट. ऐकून झालं की अप्पा फीत मागे गुंडाळत नसत.”

“आळशीपणा?”

“आळशी? तुझे अप्पा?” काका खुर्चीत बसले. “फितीचे वेढे एकमेकांना चिकटून असतात. वर्षं गेली की मोठ्या आवाजाची पुसट सावली शेजारच्या, जास्त करून बाहेरच्या, वेढ्यावर पडते. शेवट बाहेर ठेवला, तर ती सावली आवाजाच्या मागून येते आणि खपून जाते. तसं नाही केलं, तर नगारा वाजायच्या आधीच त्याचं भूत ऐकू येतं. लावायच्या आधी फीत तेवढी मागे गुंडाळून घ्यायची.”

त्यांनी मला गोणीतून काढून मागे गुंडाळलं. सुरुवातीचं हिरवं टोक बाहेर आलं. ते लावलं, आणि ती संध्याकाळ सरळ वाजू लागली. मधल्या शांततेत तो खोकला आला.

“हा...” लेक म्हणाली.

“कापायचा नाही.”

“माहितीये.”

ती तेव्हाही रडली नाही. हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली. टाळ्या संपल्या, लाल टोक सुटून रिळावर फटफटू लागलं. तिने यंत्र थांबवलं. मला तसंच, शेवट बाहेर ठेवून, डब्यात ठेवलं. मग दाराशी जाऊन गोणी आत ओढून आणली.

“रविवारी या काका. प्रत काढायची कशी, ते दाखवा. अजून कुणाला हव्या असतील, तर त्यांनाही सांगा.”

मित्रांनो, जुनी वस्तू कचऱ्यात टाकण्याआधी, ती वापरणाऱ्याची रीत कुणाला तरी विचारा. आणि मला ऐकलंत, तर माझं लाल टोक बाहेरच राहू द्या. पुढच्याला मला आधी मागे गुंडाळून घ्यावं लागेल. तेवढा वेळ त्याने बसावं.