उजवीकडची खाच

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते आणि सांत्वन ऐकून घ्यायची ताकद लेकीत उरली नव्हती. प्रयोगशाळेतलं त्यांचं कपाट रिकामं करायला ती आली, तेव्हा डॉक्टरबाईंनी नुसती खुर्ची पुढे सरकवली. तिला बरं वाटलं.

चाळीस वर्षं बाबांनी इथे माकडांच्या मेंदूचे काप काढले, केसाहून पातळ. कापण्याआधी मेंदूच्या डाव्या बाजूला सुईने बारीक खाच पाडायची, म्हणजे काचेवर चढवताना डावं-उजवं उलटं होत नाही. वादात हार जात नसत, म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत.

"म्हातारीच्या काचांची पेटी तेवढी टाकून देणार आहोत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

म्हातारी म्हणजे इथे एकोणीस वर्षं राहिलेली, बाबांच्या हातून खाणारी माकडीण. भीती जिथे उठते त्या बदामाच्या आकाराच्या गाठीत, डाव्या बाजूला, डॉक्टरबाईंनी रंग सोडला होता. तो धाग्याधाग्याने कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागापर्यंत चढला. भीती आणि विचार यांच्यामधली वाट इतकी स्वच्छ त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण काचांवर रंग होता खाचेच्या विरुद्ध बाजूला. बाजूच नक्की नसेल, तर मोजमापाला अर्थ काय?

"म्हणजे रंग मीच चुकीच्या बाजूला सोडला. दोन वर्षं ऐकतेय. वकीलसाहेब म्हणाले, माझी खाच चुकत नाही. पुढे कोण बोलणार?"

"घरीही तेच. भाजी खारट झाली तरी आमचीच जीभ बिघडलेली."

दोघी हसल्या, पण हसणं फार टिकलं नाही.

लेकीच्या पिशवीत बाबांची खिशातली वही होती. आई म्हणाली होती, "झाकली मूठ राहू दे. गेलेल्या माणसाला कशाला उघडं पाडतेस?" कपाट आवरून गुपचूप निघून जाता आलं असतं. तिने वही काढून पान उघडलं.

डॉक्टरबाईंनी हळू वाचलं. "म्हातारीला आज कायमचं झोपवलं. खाच उजवीकडे पडली. नीट दिसत नव्हतं." त्यांनी मान वर केली. "चष्मा तर असायचा की डोळ्यांवर."

"ओल चष्म्याच्या आत होती."

त्या संध्याकाळी बाबा जेवले नव्हते. आईने विचारलं, तर म्हणाले, माकड म्हणजे माकड.

"दोन वर्षं, ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हो." लेकीने बाबांची बाजू घेतली नाही.

डॉक्टरबाईंनी पेटी टेबलावर ठेवली आणि पेन्सिल पुढे केली. "तुम्हीच बदला. त्यांचं अक्षर खोडायला माझा हात उचलत नाही."

पेटीवर लिहिलं होतं, 'खाच डावी'. लेकीने 'डावी' खोडून 'उजवी' लिहिलं.

"काचांवरही लिहिलंय?"

"एकेकीवर. दोनशे बारा आहेत."

लेकीने खोडरबर मागितला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.